लाल दिव्याचा मिस कॉल

१३ ऑक्टोबर २०२५, सोमवार

ही वही रागाच्या भरात सुरू करते आहे, म्हणून अक्षर असं आलं आहे.

आज दुपारी तांड्यावरचे पेमाकाका छातीत चमका येतात म्हणून दवाखान्यात आले. आमच्या नर्स शकुंतलाबाईंनी त्यांना झोपवलं, तारा लावल्या. आमच्या दवाखान्यात डॉक्टर नाही. ईसीजी उपग्रहावरून नांदेडला जातो, तिथले डॉक्टर बघून सांगतात की घरी पाठवा की गाडी करा. त्यासाठी छपरावर डिश आहे आणि डिशसाठी मी आहे. बरोबर एक वाजून बारा मिनिटांनी मोडेमचा हिरवा दिवा गेला आणि लाल लागला. परत हिरवा व्हायला चार मिनिटं लागली. तोवर तिकडचे डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे निघून गेले होते. शेवटी शकुंतलाबाईंच्या नवऱ्याने, देविदासने, काकांना जीपमध्ये घालून वसमतला नेलं. वाचले. पण जीप त्या वेळी भाड्यावर गेली असती तर?

हेल्पलाइनवरच्या मुलीने सगळं गोड आवाजात ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, तुमच्याकडे याचं काही रेकॉर्ड आहे का?"

नव्हतं. आता असेल.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

१:०८ ला गेला. आभाळ कोरडं ठणठणीत. केबल हलवून बघितली, उंदरांची लेंडीसुद्धा नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

काल १:०३. आज १२:५९.

चार, पाच, चार मिनिटं. म्हणजे रोज चार मिनिटं आधी, मधला पाच हा माझ्या मनगटावरच्या घड्याळाचा खोडसाळपणा. भारनियमनाचा तक्ता लावून बघितला, जुळत नाही. हळद पॉलिशच्या ड्रमची मोटार असेल म्हणून देविदासला गावभर फिरवलं. तो म्हणाला, "ताई, ऑक्टोबरात कोन हळद पॉलिश करून राहिलं? अजून वावरात हाय ती." मला हे कळायला हवं होतं.

आणखी एक. दिवा लाल झाला की शकुंतलाबाई मोबाईल घेऊन बाहेर लिंबाखाली पळतात. इथे सिग्नलची एखादी कांडी येते ती तिथेच. बोलणं तुटतं, पण रिंग तेवढी जाते. लिंक पडलेली असताना यांना घरी फोन सुचतात! मला आवडलं नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आजचा दिवस लिहूच नये असं वाटत होतं. लिहिते.

आमच्या लिंकच्या कंपनीचे इंजिनियर अनिरुद्ध साहेब बारा वाजता आले. शिडी लावून डिशपाशी चढले आणि वरूनच हसायला लागले. डिशच्या मधोमध दांड्यावर जो डबा असतो, जिथे सगळा सिग्नल गोळा होतो, त्याच्या पांढऱ्या झाकणावर हळदीकुंकवाचं स्वस्तिक. तेलात कालवलेलं, चांगलं जाड. वर झेंडूचा वाळका हार.

हे खंडेनवमीला मी केलं होतं. शकुंतलाबाईंनी ताट धरलं आणि मी बोट फिरवलं. आमच्याकडे त्या दिवशी कोयत्याला, शिलाई मशीनला, जीपच्या बॉनेटला कुंकू लागतं. डिश काय सावत्र आहे? हात तिथेच पोचला म्हणून तिथेच लावलं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली मुलगी मी, सिग्नलच्या तोंडाला तेल फासून खाली उतरले आणि पेढा खाल्ला.

साहेबांनी चार बाजूंनी फोटो काढले. "हे बघा तुमचं इंटरफेरन्स," म्हणाले.

मी तिथल्या तिथे चढून स्पिरिटने झाकण पुसलं. सिग्नल ८.१ वरून ८.९ झाला. चूक माझी आणि ती एवढ्या मापाची, हे मी त्यांच्यासमोर लिहून सही केली. मग म्हटलं, "आता बारा पंचावन्नपर्यंत थांबा. दिवा तरीही जाईल."

"मला वसमतला दोन साइट बघायच्या आहेत."

"वीस मिनिटांचा प्रश्न आहे, साहेब."

"मॅडम, देवधर्म घरी करा," एवढं बोलून ते गाडीत बसले.

१२:५४. लाल.

१९ ऑक्टोबर, रविवार. औंढा

दिवाळीला घरी आले आहे. नानांनी चहा व्हायच्या आत विचारलं, "दिवा किती वाजता जातो गं नेमका?"

नाना म्हणजे माझे वडील. देवळामागच्या गल्लीत बसून चाळीस वर्षं लोकांना पंचांगातून मुहूर्त काढून देतात. मी डिप्लोमाला गेले तेव्हा आमचं वाजलं होतं. मी म्हटलं होतं की पंचांग म्हणजे न बघता सांगितलेलं आभाळ. तेव्हापासून ते माझ्या कामाबद्दल विचारतात ते असंच, पोलिसासारखं. काल किती, परवा किती, तू स्वतः पाहिलंस का. मला कळतं ते कशासाठी. नोकरी सुटली की परभणीचं स्थळ पुढे करायला बरं.

तरी वही त्यांच्यापुढे टाकली. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "तारे रोज चार मिनिटं आधी उगवतात. सूर्याचा दिवस वेगळा आणि नक्षत्राचा वेगळा. तुझा चोर सूर्याच्या घड्याळाने येत नाही."

मी कप खाली ठेवला. भारनियमन, मोटारी, शाळेची घंटा, जमिनीवरचं सगळं सूर्याच्या घड्याळावर चालतं. जे ताऱ्यांच्या घड्याळावर चालतं ते जमिनीवरचं नाहीच.

२० ऑक्टोबर, सोमवार

नरक चतुर्दशीचं अभ्यंगस्नान पहाटे उरकलं आणि दिवसभर वाचत बसले. आता लख्ख झालं आहे.

आमचा उपग्रह फार लांब, एका जागी उभा. डिश त्याच्याकडे टक लावून बसलेली. एका नव्या कंपनीचे उपग्रह पुष्कळ खालून, ओळीने फिरतात, आणि सध्या त्यांची चाचणी चालू आहे. दोघांना लहरींचा पट्टा एकच. त्यातला एखादा आमच्या डिश आणि उपग्रहाच्या सरळ रेषेत आला की चार-पाच सेकंद त्याचा आवाज आमच्या कानात. तेवढ्याने आमचा मोडेम भांबावतो आणि सावरायला चार मिनिटं घेतो. पट्टा वापरायला त्यांनाही परवानगी आहे. पण नियम असा की रेषेत आलात की आपला झोत दुसरीकडे वळवायचा. जागा सामाईक असली म्हणजे येणाऱ्याने अंग चोरून जायचं असतं, एसटीत बसलेल्या कोणालाही हे कळतं.

नाना पलीकडे पंचांग मांडीवर घेऊन आणि मोबाईल समोर ठेवून बसले होते. काहीतरी बारीक लिहीत होते. मी गेल्यावर मिटलं. स्थळाचा पत्ता असणार.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आज कंपनीची नोटीस. "स्थानिक दोष व अयोग्य हाताळणी" यामुळे ३१ तारखेला लिंक बंद. सोबत स्वस्तिकाचा रंगीत फोटो.

दिवसभर हिंगोलीला, कलेक्टर कचेरीत. साहेब मिटिंगला, क्लार्क जेवायला. मी दवाखान्यात नव्हते. परत आल्यावर शकुंतलाबाई म्हणाल्या, "गेला होता ताई आजबी, बराबर." किती वाजता ते विचारलं नाही. गणित हातात आहे, तेरा तारखेपासून रोज चार मिनिटं. वहीत लिहिलं: १२:२८.

पेमाकाका दवाखान्याच्या पायरीवर बसून होते. नोटिशीत काय आहे ते वाचून दाखवलं. म्हणाले, "बाई, आमच्या बापजाद्यानं बैलावर मीठ लादून मुलूख पालथा घातला. वाट एक आन् तांडे दोन आले तर काय करायचं, ते आमाला ठावं हाय. मागून आलेल्यानं बैल थांबवायचे. ह्यांना सांगून राहिलं न्हाई का कोनी?"

"मी सांगते आहे, काका."

"मोठ्यानं सांगा."

२८ ऑक्टोबर, मंगळवार

मोठ्याने सांगितलं. लहरींची मोजणी करणाऱ्या दिल्लीच्या सरकारी खात्याला अर्ज केला, ऑनलाइन. प्रत कलेक्टर कचेरीत, प्रत आमच्या कंपनीला, प्रत नव्या कंपनीला. सोबत तेरा तारखेपासूनचा तक्ता आणि पुढे महिनाभर कोणत्या दिवशी किती वाजता दिवा जाईल त्याचं कोष्टक, रोज चार मिनिटांच्या हिशेबाने. कुंकवाची चूकही लिहिली. लपवली असती तर फोटो त्यांच्याकडे होताच.

दिवाळीच्या सुट्टीच्या आणि शनिवार-रविवारच्या ओळी कोऱ्या सोडल्या. २४, २७ आणि आज कामाचे दिवस, पण मी हिंगोलीत होते. त्या ओळी गणिताने भरल्या आहेत. त्याने काय बिघडतं? तारे काही सुट्टीवर जात नाहीत.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

काल शेवटची फेरी म्हणून पुन्हा कचेरीत गेले. कालचीही ओळ गणिताने भरली आणि अर्जाला जोडून पाठवली. आज सकाळी नऊला लिंक बंद केली. लाल नाही, हिरवा नाही, दिवाच नाही.

शकुंतलाबाई मोडेमपुढे उभ्या राहिल्या. मोबाईल हातात तसाच. "आता म्या काय कळवू त्यायला?" म्हणाल्या. कोणाला ते विचारायची ताकद नव्हती.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मोजणीची गाडी येणार! १४ तारखेला. माझ्या कोष्टकात त्या दिवशी ११:०४ आहे, म्हणून गाडी अकरा ते साडेअकरा थांबेल आणि पुढे परभणीला जाईल. दुसरी तारीख मिळणार नाही असं स्पष्ट लिहिलं आहे. अर्धा तास पुरे आहे. मला तर चार सेकंद पुरेत.

पेमाकाका परवा पुन्हा वसमतला जाऊन आले, नुसता ईसीजी काढायला. अख्खा दिवस गेला आणि येताना जीपमध्ये त्यांना उलट्या झाल्या. पुढची खेप जमेल असं मला वाटत नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. औंढा

संध्याकाळी नानांना मिरवून दाखवायला आले होते. कोष्टक त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी नुसतं बघितलं आणि विचारलं, "चोवीस ऑक्टोबरला बारा अठ्ठावीस?"

"हो."

त्यांनी पंचांग उघडलं. ऑक्टोबरचं पान. तिथी-नक्षत्रांच्या बाजूला, समासात, शिसपेन्सिलीने बारीक आकडे. तेरा तारखेपुढे १:१२. चौदा, पंधरा, सोळा, सगळे दिवस. चोवीसपुढे १२:२२.

"हे कुठून आलं?"

त्यांनी आपला बटणांचा मोबाईल माझ्याकडे सरकवला. मिस कॉलची यादी. शकुंतलाबाई, शकुंतलाबाई, शकुंतलाबाई.

"तू पहिल्या दिवशी फोनवर चिडून सांगितलंस ना, एक बाराला गेला आणि वर रेकॉर्ड मागतात म्हणून. दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हटलं, दिवा लाल झाला की मला फक्त एक मिस कॉल द्या, मी उचलणार नाही. फोन वेळ आपोआप लिहून ठेवतो. तू कामात असतेस."

मी लिंबाखाली पळणाऱ्या बाईवर चिडत होते.

"बारा अठ्ठावीस कोणी पाहिलं, अनू?"

"कोणी नाही. मी मांडलं."

"चार-चारने?"

"तुम्हीच म्हणालात तारे चार मिनिटं!"

"तारे. हे काही तारे नव्हेत, माणसाने सोडलेलं आहे. त्याची वाटही रोज थोडी सरकत असेल. हे बघ, साडेचार पडतात रोज." ते रागावले नव्हते, त्यामुळे मला जास्त रडू आलं. "आमच्या आजोबांच्या काळात एकदा ग्रहण पंचांगातल्या वेळेला लागलंच नाही. लोक हसले. आजोबांनी पुढे पाच वर्षं आभाळ बघून सारणी दुरुस्त केली. तू मला म्हणालीस ना, न बघता सांगितलेलं आभाळ? मला तेव्हा राग आला होता. पण खरं बोललीस. आणि आता तेच तू केलंस."

मी साडेचारने मांडलं. उद्या १०:४८. गाडी यायच्या बारा मिनिटं आधी सगळं होऊन गेलेलं असेल.

गाडीवाल्यांचा नंबर लागत नाही. नाना म्हणतात सकाळी पहिल्या बसने जा, माझा फोन घेऊन जा, आणि जे झालं ते सांग. सांगायचं म्हणजे माझ्या अर्जात चार ओळी खोट्या आहेत असं सांगायचं. ते ऐकून गाडी तिथूनच परत फिरली तर? पण आता चूक लपवून मी काय वाचवणार? अकरा वाजता कोरी रेघ निघेल आणि कंपनीचं स्वस्तिक खरं ठरेल.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

जसं झालं तसं लिहिते.

साडेनऊला शिरड शहापूरच्या फाट्यावर गाडी दिसली, टपावर अँटेना. तिघं जण चहा पीत होते. मोठे साहेब व्यंकटराव, पांढऱ्या मिशा, तोंडात सुपारी. मी एका दमात सगळं सांगितलं.

"म्हणजे अर्जात खोटं लिहिलंत?"

"चार ओळी. मी तिथे नव्हते आणि अंदाजाने भरल्या. बाकीच्या डोळ्यांनी पाहिलेल्या आहेत."

"आणि आता म्हणता पावणेअकरा. हे कशावरून?"

मी नानांचा मोबाईल त्यांच्या हातात दिला. "मिस कॉलवरून."

पलीकडचा तंत्रज्ञ हसला. व्यंकटराव हसले नाहीत. बटण दाबत दाबत त्यांनी यादी शेवटपर्यंत पाहिली, माझी वही मागून घेतली आणि चौदा ते सतरा ऑक्टोबर हे चार दिवस एकेक करून ताडून बघितले. "खाडाखोड करता येत नाही यात," स्वतःशीच बोलल्यासारखे बोलले. मग मला म्हणाले, "शेड्यूल अकराचं आहे. कागदावर अकराच राहील. साडेदहाला पोचलो तर माझं कोण काय करतंय? पण त्या चार ओळी अंदाजाच्या आहेत असं वेगळ्या कागदावर लिहून द्यायचं. कॉपी दिल्लीला जाईल."

"दोन कॉप्या देते."

१०:४० ला अँटेना आमच्या डिशशेजारी, त्याच दिशेला लावली. तांड्यावरची निम्मी माणसं गोळा झाली होती. पडद्यावर एक आडवी रेघ, उकळत्या दुधासारखी थरथरणारी. १०:४५. १०:४६. पेमाकाका काठीवर हनुवटी टेकून पडद्याकडे बघत होते, जणू त्यांना सगळं वाचता येत होतं. १०:४७. मी देवाचं नाव घेतलं नाही, हे मुद्दाम लिहून ठेवते. मी नानांच्या शिसपेन्सिलीचे आकडे मनात म्हणत होते.

१०:४८. रेघ मधोमध टेकडीसारखी वर आली. एक, दोन, तीन, चार. पुन्हा खाली.

 तंत्रज्ञाने मागे नेऊन पुन्हा लावून बघितलं. व्यंकटराव सुपारी थुंकून आले आणि म्हणाले, "झोत वळवायला पाहिजे होता यांनी. वळवला नाही." आणि लिहायला बसले.

पेमाकाकांनी विचारलं, "घावला का?"

"घावला, काका."

"मंग आता कुंकू लावा त्याला," म्हणाले. तंत्रज्ञासकट सगळे हसले, मीसुद्धा हसले.

३ डिसेंबर, बुधवार

पत्र आलं. चाचणीच्या काळात नव्या कंपनीने आमच्या रेषेत आल्यावर या भागापुरता झोत बंद ठेवायचा, असा आदेश. आमची लिंक सोमवारी सकाळी सुरू. आमच्या कंपनीच्या पत्रात "तांत्रिक सुधारणा केल्यानंतर सेवा पूर्ववत" असं आहे. कसली सुधारणा? दिलगिरीचा एक शब्द नाही, फोटोचा उल्लेख नाही. उत्तर लिहिलं आहे. फोटो रेकॉर्डमधून काढा, नाहीतर त्याच्या शेजारी माझी १७ ऑक्टोबरची सही असलेला कागद लावा. उद्या रजिस्टरने पाठवते. गप्प बसणार नाही.

खात्याने मलाही समज दिली आहे, चार ओळींबद्दल. ती वहीत चिकटवली आहे.

८ डिसेंबर, सोमवार

साडेचारच्या हिशेबाने आज वेळ येत होती बरोबर नऊला. लिंक साडेआठला सुरू झाली, हिरवा दिवा लागला. आदेश कागदावर आहे, पण आभाळात कोणी पाळतंय का ते अजून कोणाला माहीत नव्हतं.

पावणेनऊला पेमाकाका आले. "ईसीजी काढा."

शकुंतलाबाई म्हणाल्या, "सव्वानऊला काढू, बाबा. आत्ता न्हाई. आत्ता त्याची येळ हाय."

"त्याची येळ हाय म्हनूनच आलो. त्याच येळेला काढा. बघू कसा अडवतोय."

मी नको म्हणणार होते. मग वाटलं, बरोबर आहे त्यांचं. त्याला चुकवून सव्वानऊला काढायचा, तर दोन महिने भांडलो कशाला?

काका शर्ट काढून झोपले. तारा लावल्या. आठ एकोणसाठला मी पाठवायचं बटण दाबलं. शकुंतलाबाई मोबाईल घेऊन दारात उभ्या, एक पाय उंबऱ्याबाहेर, अंगठा नानांच्या नंबरावर. नऊ वाजले. हिरवा. नऊ वाजून एक. हिरवा. काका छताकडे बघत मोठ्याने श्वास घेत होते आणि त्यांच्या छातीची रेघ तुकडा न पडता वर चालली होती. नऊ वाजून तीन मिनिटांनी नांदेडहून डॉक्टरांचा आवाज आला, "ईसीजी पूर्ण मिळाला. घाबरायचं काही नाही. गोळी चालू ठेवा."

शकुंतलाबाईंनी पाय आत घेतला आणि मोबाईल कमरेला खोचला.

मी लिंबाखाली गेले. तेवढ्यात फोन वाजला. नानांचा. कांडी एकच होती, आवाज तुटत होता.

"अनू, नऊ पाच झाले."

"हो, नाना."

"मी फोन समोर ठेवून बसलोय. आला नाही गं."

"नाही येणार," मी म्हटलं. "समासात काही लिहू नका."